पारावर पास न झालेल्या पाच ओळी

ही हकिगत लिहायची मी बरीच वर्षं टाळली. तिचा पहिला अर्धा भाग मात्र प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्यालाही सांगितला आणि हमखास हशा घेतला. तो भाग असा, की माझ्या साडभाऊंइतकं रिकामटेकडं डोकं अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरं झालं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्ध्याच्या कचेरीत जमिनीच्या कागदांच्या नकला करायचे. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि साहेबलोक हिंदी मुलखातून यायचे. ते देवळीला देवली म्हणत, केळझरला केलजर म्हणत, आणि कामं व्यवस्थित होत. कुणाचंही काही अडत नव्हतं. अडायचं फक्त आमच्या साडभाऊंचं. कुणी गावाचं नाव चुकीचं उच्चारलं की यांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा.

एकदा नागपूरच्या बाजूने येताना कंडक्टर "सेल्लू, सेल्लू" ओरडला. साडभाऊंचं घर सेलूचं. पण ते जागचे हलले नाहीत. "या नावाचं गाव माझं नाही," म्हणाले आणि पुढे वर्ध्यापर्यंत बसून राहिले. माझ्या लग्नात भटजींनी आमच्या सासुरवाडीला, म्हणजे मोठ्या आंजीला, संस्कृतात 'अंजननगरी' केलं. साडभाऊंनी मंगलाष्टकं थांबवली. "आंजी म्हणा, आणि मोठी म्हणा." भटजी हट्टाला पेटले, हे आधीच पेटलेले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, मुहूर्त टळायची वेळ आली, आणि शेवटी सासरेबुवा ओरडले, "भटजी, मोठी म्हणून टाका, नाई तं हे पोरगी राहीन अशीच उभी!" अशा माणसाला घरच्यांनी कोंडून ठेवायला हवं होतं. घरच्यांनी त्यांना सायकल घेऊन दिली.

त्या सायकलीवरून ते कविता करत हिंडले. कॉलेजात एका प्रोफेसरांनी त्यांना लिमरिक नावाचा इंग्रजी टवाळ प्रकार दाखवला होता. ओळी पाच, पहिल्या दोन आणि शेवटची एका यमकाची, मधल्या दोन आखूड. तेवढ्या भांडवलावर यांनी जिल्ह्यातल्या एकेका गावाच्या नावावर कविता रचायला घेतली. केळझरची अशी होती:

साहेब पुसती, "केलजर कुठे?"
गाडीवानाला हसू फुटे;
"ळ म्हणा तर वळतो,
नाई तर पळतो,"
आणि बैलांसकट गाडी सुटे.

मी त्यांना म्हणालो, "अहो, तो गाडीवान स्वतःच केयझर म्हणतो. तो साहेबाला काय ळ शिकवणार?" त्यावर म्हणाले, "त्याचा य त्याच्या घरचा आहे. तो हवं ते म्हणेल. गाव त्याचं आहे." यावरून त्यांचा एक नियमच होता. हसायचं ते बाहेरून येऊन नाव मोडणाऱ्याला, गावच्या माणसाच्या जिभेला कधीही नाही.

दुसरा नियम याहून वेडा. कविता झाली की आधी त्या गावी जायचं, पारावर बसायचं आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला ती ऐकवायची. ती हसली तर कविता पास. त्याआधी बाहेर एक अक्षर कुणापुढे काढायचं नाही. मी एकदा त्यांच्यामागे रोहण्यापर्यंत सायकल हाणण्याचा मूर्खपणा केला. पारावर पंधरा-वीस माणसं, समोर एक वाकलेली आजी, आणि हे हात जोडून म्हणताहेत:

रोहण्यात पाहुणा येऊन बसला,
"रोहना" म्हणाला नि तिथेच फसला;
म्हातारी म्हणे, "राजा,
ण इथला ताजा,
राह्य चार दिस, मंग सांग गाव कसला."

माणसं हसली. आजी हसली नाही. "म्हातारी कोनाले म्हनून राह्यला रे? काऊन, मी काई आज मरून राह्यली का?" साडभाऊंनी तिथल्या तिथे म्हातारीची मावशी केली. तेव्हा ती बोळक्या तोंडाने इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. परतताना साडभाऊ सायकलीवर गात होते. माझी चेन पडली होती.

आता दुसरा अर्धा भाग. मीसुद्धा कवी होतो. असली पोरकट कविता नव्हे, मी दमयंतीवर खंडकाव्य लिहीत होतो. त्याचे चार सर्ग झाले होते आणि ते ऐकताना माझी बायकोही भाजी निवडायची. इकडे साडभाऊंच्या पाच ओळी बाजारभर फिरत. बुधवारी, बाजाराच्या दिवशी, हॉटेलात गेलो की लोक मला विचारत, "साडभाऊनं नवीन काई बनवलं का?" माझं कुणी विचारत नसे.

त्या वर्षी त्यांच्या मुलीचं, सुमनचं, लग्न जमलं होतं. आर्वीच्या वाटेवरचं एक गाव, मुलगा शाळामास्तर, घरचं शेत. त्याने सुमनला पाहिलं आणि परत जाताना तो तिच्यासाठी वाचायला एक पुस्तक ठेवून गेला, म्हणून ती खुशीत होती. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. एका बुधवारी मी हॉटेलात बसलो असताना त्या गावचे चौघे-पाच जण आले. त्यांतल्या एकाने हाक दिली, "राजेहो, आमच्या गावावर तुमच्या साडभाऊनं काई लिवलं का नाई?"

लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. साडभाऊंना सहज हरवता येतं, हे स्वतःला दाखवायला घरी बसून केलेल्या पाच ओळी खिशात होत्या. त्या मी इथे लिहिणार नाही, त्या गावाचं नावही लिहिणार नाही. त्यांत गावच्या लोकांच्या बोलण्याचीच टिंगल होती: यांना स्वतःच्या गावाचं नाव धड घेता येत नाही, यांच्या घरी सून आली तर मुकी होईल. माझं नाव सांगितलं तर कुणी हसणार नाही, अशी भीती होती. म्हणून म्हणालो, "हो, नवी आहे साडभाऊंची," आणि ऐकवली.

हॉटेल हसलं. भटारखान्यातून आचारी बाहेर आला. माझ्या आयुष्यात माझ्या कवितेला तेवढीच एकदा दाद मिळाली, आणि मी इतका हरखलो की त्या गावचे लोक चहा तसाच ठेवून उठले, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मुलाचे काका दोघांना घेऊन साडभाऊंकडे आले. मी तिथेच होतो. काकांनी पाणीही घेतलं नाही.

"रोहण्याले तुम्ही पारावर गेलते. आमच्याच गावाची बाजारात काऊन हासी केली?"

"कशाची?" साडभाऊ खरोखरच गोंधळले होते.

काकांनी त्या पाच ओळी म्हणून दाखवल्या. रागाने पाठ झाल्या होत्या. मग माझ्याकडे बोट केलं, "या तुमच्या साडभाऊनंच ऐकवली, तुमची म्हनून. खोटं बोलले काय हे?"

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही, मधल्या दोन ओळी मी लांब केल्या होत्या. मी जाजमाची दशी ओढत होतो. हा माणूस चूक उच्चारासाठी मुहूर्त अडवणारा, आता बोलेल असं मला वाटलं. बोलावं, असंही वाटलं. म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

"नाही," ते म्हणाले, "ते कशाला खोटं बोलतील. माझीच आहे. चुकलं."

"मंग पोरगी आमच्याइथं मुकी होईन म्हनता, तं ठेवा तुमच्याइथंच," काका म्हणाले आणि गेले. आतल्या दारात सुमन उभी होती. तिने ते पुस्तक आणलं आणि धावत जाऊन त्या लोकांच्या हातात दिलं. मी अजून दशीच ओढत होतो.

सुमनचं लग्न दोन वर्षांनी झालं, फार लांब, बालाघाटकडे. साडभाऊंनी पुन्हा कविता केली नाही. कुणी "केलजर कुठे?" विचारलं तर शांतपणे रस्ता दाखवायचे. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. मी मात्र त्यांच्या गमती सांगून हशा घेत राहिलो. परवा एका लग्नात त्यांचाच नातू म्हणाला, "आजोबांच्या टवाळीपायी आत्याचं जमलेलं मोडलं." आजूबाजूचे हसले. मला हसता आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ते जाण्याआधी एकदा मी सेलूला त्यांच्याकडे गेलो होतो. वाटेत वाक्य तयार केलं होतं: साडभाऊ, ती कविता माझी होती आणि बैठकीत मी गप्प बसलो, मला क्षमा करा. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मला पाहताच म्हणाले, "तुमची दमयंती कुठवर आली? ऐकवा की." आणि क्षमा मागायला गेलेल्या या गृहस्थाने त्यांना अख्खे दोन सर्ग ऐकवले. ते शेंगा बाजूला ठेवून ऐकत होते.

निघताना फाटकापर्यंत आले. "छान जमलंय," म्हणाले. चेष्टा नव्हती, खरंच म्हणाले.

"साडभाऊ," मी म्हणालो, "ती..."

ते थांबले. फाटकावर हात ठेवून, अगदी निवांत, वाट पाहत उभे राहिले.

"ती पाचची गाडी मिळेल ना?" मी विचारलं.