तान्हीच्या मनगटातला काळा मोती

नातसून सकाळी नवं कानातलं दावाय आली. काळा मोती. म्हणती, "आजी, लांब समुद्रात बेटं हाईत, तिथली माणसं शिंपल्यात पिकवत्यात ह्यो." म्हटलं, मला नगं शिकवू बाई, माझी जुनी वळख हाय त्याची.

तवा मी कसबा बावड्यात एका सराफाच्या नथीचं मोती घरी ओवून द्यायची. एकदा पुडी सोडली तर घोंगड्यावर एक काळा मणी गावला. मला वाटलं, कुणाच्यातरी गळ्यातल्या काळ्या पोतीतला असंल. माझ्या तान्ह्या शेवंताला दिष्ट लागू नये म्हणून दोऱ्यात ओवला आन् तिच्या मनगटाला बांधला.

दुसऱ्या दिशी सराफ दारात. "काळा मोती कुठाय?"

"मोती कधी काळा असतोय व्हय, शेठ?"

झालं! पिठाचा डबा उपडा केला, वाकळा झाडल्या. सगळ्या गल्लीदेखत मला पदर झटकाय लावला. आन् शेवंता उंबऱ्यात बसून त्योच मणी चोखत हुती. थुकीनं वला झालेला, पारव्याच्या मानंवानी हिरवट चमकत हुता.

मीच म्हटलं, "ह्यो का ओ?"

"चोरलास व्हय गं?"

"चोरला असता तर पोरीच्या हातात बांधून दारात बसवली असती व्हय? काय डोस्कं हाय का न्हाय?"

गल्ली हसली. शेठनं मोती धोतराला पुसला आन् गेला. परत ओवाय मोती दिलं न्हाईत. पुढं उसात तण भांगलाय जावं लागलं.

आता नातसून येवढं कौतुकानं सांगतीया. मोती काळाबी असतोय, येवढंच त्या बाबानं पुडी देताना सांगायचं हुतं की!