हळद धुतल्यावर

परवा गिरणीत कुणाची तरी हळद दळणं चालू होतं, त्या उग्र वासानं मला भावाच्या लग्नातली कंधारची दुपार आठवली. धाकट्या बहिणीचं पित्ताशय काढून महिनाच झाला होता, तरी ती मांडवात सगळ्यांना हळद फासत हिंडत होती. अंघोळ करून आली तेव्हा अंग स्वच्छ झालं होतं, डोळे मात्र पिवळेच राहिले होते. लातूरचे डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही. ऑपरेशननंतर पित्ताची नळी आकसलीय. दुर्बिणीतून स्टेंट टाकतो, म्हणजे ती उघडी राहील. पण स्टेंट वेळच्या वेळी बदलावा लागेल." स्टेंट बसला, काविळीनं सुटलेली अंगाची खाज थांबली, ती पोटभर जेवू लागली. बदलायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "आता मला काय व्हायलंय? सोयाबीन निघू दे, मग जाऊ." सोयाबीन निघायच्या आतच ती शेतात हुडहुडी भरून कोसळली. भर उन्हात गोधड्यांत गुंडाळून जीपमध्ये घातली, तरी लातूरपर्यंत तिचे दात वाजत होते. स्टेंट तुंबला होता. डॉक्टरांनी तो काढून दोन नवे टाकले आणि ती वाचली. पुढं वर्षभर ते बदलत राहिलो. नळी मोकळी झाली तेव्हा कायमचे काढले. त्या दिवशी परतताना एसटीत तिनं हळूच विचारलं, "ताई, आतून नळी परत मिटाय लागली तर मला कळंल का गं?" मी म्हणाले, "कळंल की." आज ती ठणठणीत आहे, फोनवर लेकरांचं, पिकापाण्याचं सांगत असते. मी हं हं करत ऐकते, आणि तिला खरंच कळेल का, हे मला अजून माहीत नाही.