पुलाच्या खाली पन्नास पावलं

उमसुनाय एजेच्या, म्हणजे सगळ्यांच्या थोरल्या ताईच्या, स्वयंपाकघरात विजेची एक किटली आहे. तिच्यावर अजून कार्यालयाचं लेबल चिकटलेलं आहे: ‘उत्कृष्ट नदी-निरीक्षणाबद्दल’. किटली आजवर एकदाच तापली. सून दर सणाला सासूला म्हणते, “अपा, कुणाला तरी देऊन टाका की ही.” एजे म्हणते, “राहू दे. ती दिसली की माझं डोकं तापतं. तेवढंच तिचं काम.”

उमसुनायचा राग सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. बाजारात तिला कुणी कमी वजनाचं लोणी देत नसे. पण तो राग सात वर्षं चुकीच्या जागी खर्च होत होता, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

ती जिल्ह्याच्या जलप्रयोगशाळेत होती. नदीची तब्येत बघायची, हे तिचं काम. बाटलीत पाणी भरून त्यात औषधाचे थेंब टाकणारे लोक वेगळे. उमसुनाय किडे मोजायची. कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून प्रवाहात उतरायचं, खालच्या अंगाला जाळं धरायचं, तीन मिनिटं तळाचे दगड पायाने तुडवायचे, जाळ्यात आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि चिमट्याने एकेक जीव वेचायचा. दोन शेपट्यांची अळी सापडली की दहा गुण. वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधणारी सापडली तरी दहा. नुसते जंत निघाले तर एक. बाटलीचं काय, कुणी रविवारी घाण सोडली आणि तुम्ही मंगळवारी बाटली भरली, तर बाटली म्हणणार सगळं छान आहे. अळी बिचारी वर्षभर त्याच दगडाखाली राहते. तिला रविवारही काढावा लागतो.

आधी हे नदीवर जायचं काम सातिबाल्दी बाइके, म्हणजे कार्यालयातले थोरले दादा, करायचे आणि उमसुनाय सूक्ष्मदर्शकापाशी बसायची. ते निवृत्त झाले आणि त्यांची तेलकट वही हिच्याकडे आली. वहीत सारी-तोगाय नदीचं पान होतं, आणि त्या पानावर लिहिलं होतं: ‘बिंदू तीन. पुलाच्या खाली पन्नास पावलं, डावा काठ.’ हिने गाडी पुलापाशी उभी करायला लावली, पन्नास पावलं मोजली आणि पाण्यात उतरली. ट्रे नुसता वळवळत होता! सातिबाल्दींच्या शेवटच्या वर्षांत त्याच बिंदूचे गुण घसरत तळाला गेले होते. हिच्या पहिल्याच वर्षी ते वर उडाले.

तेव्हा तिच्या मनात काय आलं असेल? म्हातारा आळशी होता. गुडघे दुखतात म्हणून दगड धड तुडवत नसेल. वर तिने हे चारचौघांत बोलूनही दाखवलं. डायरेक्टर कुबान साहेबांनी गुणांचा चढता आलेख चौकटीत लावला, वरून शाबासकी मिळाली आणि हिला किटली मिळाली.

त्या नदीवर एक कंपनी बसली होती. नदीकाठची रेती-गोटे उकरायचे, धुवायचे, सोन्याचे कण काढून घ्यायचे आणि राखाडी पाणी परत नदीत सोडायचं, हा तिचा धंदा. खालच्या तेगिर्मेन गावातल्या बायकांनी पाच वेळा अर्ज केला की पाणी नासलं आहे. पाचही वेळा कार्यालयाने उत्तर दिलं की नदी दुसऱ्या वर्गात आहे, म्हणजे स्वच्छ आहे. पाचही उत्तरांवर सही उमसुनायची. पाचव्या उत्तराच्या वेळी तर ती चिडून म्हणाली होती, “या गावाला कटकट करायची सवयच लागलीय!”

कंपनीचा परवाना त्या वर्षी संपत होता. आणखी दहा वर्षांसाठी नवा हवा होता, आणि त्यासाठी गावात सुनावणी घेऊन गावकऱ्यांच्या सह्या लागत होत्या. सुनावणीच्या आठ दिवस आधी, मे महिन्यात, उमसुनाय नेहमीसारखी पुलाखाली ट्रे घेऊन बसली असताना एक बाई गाढव हाकत आली. गाढवावर दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन होते. ही बुरुल, तेगिर्मेनच्या बेइशेंबी अक्सकालांची सून. अक्सकाल म्हणजे गावचे सर्वांत मोठे वडीलधारे, सत्त्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या शब्दाबाहेर गाव पाऊल टाकत नसे.

“इतक्या लांब पाण्याला?” उमसुनायने विचारलं. “नदी तर तुमच्या दारातून जाते.”

“दारातली गाढवसुद्धा तोंडाला लावत नाही, एजे. हा बघा, हा शहाणा. खाली नुसतं नाक फेंदारून उभा राहतो.”

“उगाच काहीतरी. मी सात वर्षं मोजतेय. पुलाच्या खालचं पाणी काचेसारखं आहे.”

बुरुलने कॅनचं झाकण घट्ट केलं. “कुठल्या पुलाच्या?”

“म्हणजे? पूल काय दहा आहेत?”

“हा तर कंपनीने आपल्या ट्रकसाठी बांधला. आपला पूल खाली, गिरणीपाशी होता. पुरात वाहून गेला ना. सातिबाल्दी बाइके कामावरून गेले, त्याच वसंतात.”

उमसुनायने ट्रे नदीत रिकामा केला, जाळं हाताशी घेतलं. मग ती उठली आणि काठाकाठाने खाली चालत सुटली. एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि कंपनीचा जाड पाइप दिसला. त्यातून राखाडी पाणी धो-धो पडत होतं. त्याच्याही खाली, गिरणीच्या पडक्या भिंतीसमोर, नदीत दोन दगडी खांब उभे होते. डोक्यावर पूल नसलेले. तिने खांबांपासून पन्नास पावलं मोजली, डाव्या काठाने पाण्यात उतरली, तीन मिनिटं तुडवलं. ट्रेमध्ये गाळ आला. तिने तो धुतला, परत बघितलं. चार जंत. बाकी एकही जीव नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीवर गेली, साहेबांवर गेली, आणि मग आपल्याच सहीवर येऊन थांबली. जे म्हातारं माणूस दुखऱ्या गुडघ्यांनी इथे उतरून मरत चाललेली नदी इमानदारीने लिहीत होतं, त्याला तिने आळशी म्हटलं होतं. आणि आपण? काठाने दोन वळणं खाली चालून बघितलं असतं तरी खांब दिसले असते. पण वहीत पूल लिहिला होता, समोर पूल होता. डोळे कशाला लागतात!

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कुबान साहेबांच्या खोलीत घुसली. साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान, सुटाबुटातले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

“एजे, वहीत काय लिहिलंय?”

“पुलाच्या खाली.”

“तुम्ही कुठे मोजलंत?”

“पुलाच्या खाली.”

“मग चुकलं कुठे?”

“साहेब, नव्या पुलाची फीत कापायला तुम्ही गेला होतात! जुना कुठे होता ते तुम्हाला माहीत होतं!”

“आवाज खाली. पाच उत्तरं गेलीत या कार्यालयातून, सही तुमची आहे, माझी नाही. सुनावणी होऊन जाऊ दे. मग पुढच्या वर्षी आपण नवा बिंदू सुरू करू. बिंदू चार.” त्यांनी समजूत घालावी तसं हसून म्हटलं, “घरी जा. चहा घ्या. किटली दिलीय ना?”

त्या माणसाच्या डोक्यात मेजावरची फुलदाणी कशी घातली नाही, याचं उमसुनायला आजही नवल वाटतं.

सुनावणी तेगिर्मेनच्या शाळेच्या अंगणात झाली. सुनावणी कसली, मेजवानीच. कंपनीने दोन मेंढ्या कापल्या होत्या, परातींतून वाफाळतं बेशबरमाक, म्हणजे मांस घातलेल्या शेवया, फिरत होतं. रीतीप्रमाणे मेंढीचं शिर बेइशेंबी अक्सकालांच्या पुढ्यात ठेवलं होतं. कंपनीचा एर्मेक नावाचा तरणाबांड साहेब गोड बोलत होता. मशिदीचं छप्पर आम्ही केलं, रस्त्यावर खडी आम्ही टाकली, आणि नदीचं म्हणाल तर हा सरकारचा कागद. वर्ग दुसरा, स्वच्छ. खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं माना डोलवत होती.

अक्सकालांची नजर गेली होती. ते म्हणाले, “कागदाचं मला कळत नाही. पण माझी सून रोज या नदीच्या पाण्याचा चहा करते. गोड असतो. लहानपणी होता तसाच.”

मागे चहाच्या समोवारपाशी उभ्या बुरुलने मान खाली घातली. सासऱ्यासमोर भरसभेत तोंड उघडणं तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. रोजचे ते दोन कॅन तिने त्यांना कधी सांगितलेच नव्हते. त्यांनी विचारलंही नव्हतं.

अक्सकालांनी दुवा द्यायला दोन्ही तळहात आकाशाकडे उघडले. सगळ्या अंगणाने तळहात उघडले. एकदा का आमीन म्हणून हात चेहऱ्यावरून फिरले, की विषय संपला. मग कुणी बोलायचं नाही, उठायचं आणि सह्या करायच्या. हे एर्मेकला पक्कं माहीत होतं. त्याने सह्यांचा कागद आधीच मेजावर पसरून ठेवला होता.

“थांबा!”

उमसुनाय बायकांच्या रांगेतून उठली. तिच्या हातात कापडाने झाकलेले दोन पांढरे ट्रे होते. अंगणात कुजबुज झाली. दुवा अडवायची? हिला काही लाजलज्जा?

“पोरी,” अक्सकाल कडक आवाजात म्हणाले, “उघडलेले हात असे ठेवायला लावू नयेत.”

“तेच हात हवेत मला, अता,” वडिलांना हाक मारावी तसं ती म्हणाली. तिने पहिला ट्रे त्यांच्या मांडीवर, उघड्या तळहातांखाली ठेवला. “हे नव्या पुलाखालचे दगड. कागदातली नदी ती ही. बघा.”

म्हाताऱ्याची बोटं दगडांवरून फिरली. एका दगडाच्या पोटाशी ती थबकली. तिथे वाळूची इवलीशी नळी चिकटलेली होती. बेइशेंबींच्या तोंडावर हसू आलं. “अरे! ही आहे अजून? हिलाच गळाला लावून आम्ही मासे धरायचो.”

“आता हा.” तिने ट्रे बदलला. “हे गिरणीपाशी, जुन्या खांबांखालचे. तुमच्या दारातले.”

बोटं फिरली. दगड पालथा झाला, उताणा झाला. दुसरा, तिसरा. बोटांना नुसता बुळबुळीत गाळ लागत होता. ते एकेक दगड चाचपत राहिले, आणि अंगणात कुणी घासही उचलला नाही.

“एजे,” एर्मेक उठून म्हणाला, “हा कागद तुमचाच आहे ना? ही सही कुणाची?”

“माझी! आणि खोटी आहे! सात वर्षं मी चुकीच्या पुलाखाली उभी राहिले आणि या गावाला पाच वेळा खोटं ठरवलं. लिहून घ्या. मोठ्या अक्षरात लिहा!”

अक्सकालांनी मान न वळवता विचारलं, “सूनबाई. माझा चहा कुठल्या पाण्याचा?”

बुरुलने हातातला पेला खाली ठेवला. “वरच्या पुलाच्या, अता. सात वर्षं. रोज दोन कॅन.”

म्हाताऱ्याने ट्रे खाली ठेवला. मेंढीचं शिर दोन्ही हातांनी लांब सारलं. गाळाने माखलेले तळहात त्याने पुन्हा पुढे धरले, आणि मग सावकाश पालथे केले. तळहात जमिनीकडे.

उलटी दुवा. लोकांनी ती आजोबांच्या गोष्टींत ऐकली होती, बघितली कुणीच नव्हती. एका बाईने डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. एर्मेकही तिथलाच होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“ज्याने हे पाणी मारलं,” अक्सकाल म्हणाले, “आणि ज्याने मेलेल्याला जिवंत लिहिलं, त्याच्या पेल्यात हेच पाणी पडो. आणि मी आज त्याचं मांस खाल्लं, माझ्याही पेल्यात पडो.”

असल्या दुवेला आमीन कोण म्हणणार? सगळ्यांची नजर उमसुनायकडे गेली, कारण तो शाप तिच्याही घरचा पत्ता विचारत होता. तिने आपले हात पुढे केले, पालथे केले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “आमीन.”

मग बुरुल म्हणाली. मग सगळं अंगण म्हणालं. परातीतलं मांस तसंच गार झालं आणि सह्यांचा कागद कोरा राहिला. तो आजही कोराच आहे. गावाची अट एकच आहे, आधी जुन्या खांबांखाली मोजा, मग बोला.

उमसुनायची नोकरी गेली. जाताना तिने सातिबाल्दींच्या वहीतल्या ‘पुलाच्या’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘गिरणीसमोरच्या दोन दगडी खांबांच्या’. मग वही घेऊन ती आधी सातिबाल्दींच्या घरी गेली. तिने माफी मागितली. म्हातारा म्हणाला, “वहीत पूल लिहिला तो मीच ना? पूल वाहून जातो, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.” त्यावरही ती चिडली. तिला कुणी माफ करायला नको होतं.

पण हे सगळं नंतरचं. सुनावणीच्या संध्याकाळी ती अंगणातून सरळ खांबांपाशी गेली होती. तिथलं पाणी तिने दोन बाटल्यांत भरलं. एक कुबान साहेबांच्या मेजावर ठेवली, ती त्यांनी उघडली नाही. दुसरी तिने घरी नेली, किटलीत ओतली आणि तापवली. चहा राखाडी झाला. सून ओरडली, “अपा, काय करताय!” उमसुनाय मेजापाशी बसून तो पेला शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. तळाशी गाळ उरला होता, तोही तिने बोटाने पुसून चाटला.