त्या उतारावर मी कुणालाच उभं केलं नव्हतं

भूत, नजर, करणी — आमच्या घरात हे विषयच नव्हते. वडील फिजिक्स शिकवायचे, मी कॉम्प्युटर इंजिनिअर. ऑफिसात कुणी असले किस्से सुरू केले की मी सरळ हेडफोन लावायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण लिहिते.

मी मूळची चिंचवडची. नवरा आणि मुलीबरोबर सिंगापूरला, वुडलँड्समध्ये राहते. इथल्या एका कंपनीत वैमानिकांच्या ट्रेनिंगचे सिम्युलेटर आहेत, तिथे काम करते. सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब विमानासारखं कॉकपिट. काचेबाहेर दिसणारी धावपट्टी, समुद्र, ढग — सगळं आमच्या टीमने कॉम्प्युटरवर बनवलेलं.

गेल्या वर्षी एका दूरच्या बेटावरचा विमानतळ बनवायचं काम आलं. बेटाचं नाव लिहीत नाही. आखूड धावपट्टी, दोन्ही टोकांना समुद्र, एका अंगाला डोंगर. डोंगरावरून वारा अचानक खाली कोसळतो. पूर्वी तिथे अपघात झालेत, म्हणून आता तिथे उतरण्याआधी वैमानिकांना खास ट्रेनिंग घ्यावं लागतं. सॅटेलाइट फोटोंवरून मी ती जागा उभी केली. माणसं कुठेही टाकली नव्हती. एकही नाही.

तपासायला वैमानिकांचे प्रशिक्षक कॅप्टन सबनीस आले. दादरचे, केस पिकलेले, मोजकं बोलणारे. लवकरच एका क्रूबरोबर ते खऱ्या बेटावर जाणार होते. दुपारी जेवून आम्ही कॉकपिटमध्ये बसलो. बाहेर मॉनिटरसमोर माझी सहकारी वेई लिंग होती, हेडसेटवर.

धावपट्टी समोर आली आणि सर म्हणाले, "ही माणसं कशाला टाकलीस गं?"

"कुठली माणसं?"

"ती काय... डोंगराच्या बाजूला."

मी पाहिलं. बायका होत्या. एका रांगेत उभ्या. हातात पांढरी फडकी, आणि ती त्या जिवाच्या आकांताने हलवत होत्या. सरांनी उतरणं सोडून विमान वर घेतलं.

मी हेडसेटवर वेई लिंगला विचारलं. ती हसायलाच लागली. "व्हेअर गॉट पीपल? ओन्ली ग्रास, लाह."

आम्ही पुन्हा धावपट्टीकडे आलो. त्या तिथेच होत्या. या वेळी दिसलं की त्यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. खरं सांगते, मला उलट हायसं वाटलं! जमिनीची उंची चुकली की वस्तू हवेत तरंगते, ही आमच्या कामातली नेहमीची चूक.

"एरर आहे, सर. थांबवते, नीट बघू."

मी फ्रीझचं बटण दाबलं. सगळं थांबलं. लाटा थांबल्या, ढग थांबले, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी तिरकी होती तशीच थिजली.

फडकी हलत राहिली.

मग रांगेतल्या एकीने हात खाली घेतला... आणि सावकाश मान वळवून आमच्याकडे पाहिलं.

"बंद कर," सर म्हणाले. "अगं, बंद कर सगळं!"

मी त्या बाईकडेच बघत राहिले. शेवटी त्यांनीच हात लांब करून स्क्रीन बंद केली.

मी सगळ्या फाइल्स तपासल्या. त्या जागी गवताशिवाय काही नव्हतं. नंतर बेटावरच्या विमानतळाच्या मॅनेजरशी व्हिडिओ कॉल होता. काम संपल्यावर मी सहज विचारल्यासारखं केलं — डोंगराच्या बाजूला कधी बायका उभ्या राहायच्या का?

तो स्क्रीनजवळ सरकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग तो बोलला. कंट्रोल टॉवर नव्हता तेव्हा एका अपघातात गावातली बरीच माणसं गेली. त्यानंतर वारा फिरला की त्यांच्या घरच्या बायका उतारावर जाऊन फडकी हलवायच्या. उतरू नका म्हणून.

"पण आता तो उतार राहिलेला नाही," तो म्हणाला. "धावपट्टी रुंद करताना कापून टाकला. पूर्वी तिथली जमीन बरीच उंच होती."

म्हणजे त्या हवेत नव्हत्याच. त्या त्यांच्या जमिनीवर उभ्या होत्या.

मी सरांना म्हटलं, "जाऊ नका."

"आणि ऑफिसला कारण काय सांगू?"

ते गेले. ते परत येईपर्यंत मी फोन हातातून सोडला नाही. मुलगी वैतागून म्हणाली, "आई, व्हाय यू सो स्केअर्ड?"

सर सुखरूप आले. जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सपाशी, कॉफी प्यायला भेटलो. हवा स्वच्छ होती, वारा अगदी शांत होता म्हणाले. तरीही पहिल्या खेपेला त्यांनी वैमानिकाला उतरू दिलं नाही. दुसऱ्या खेपेला उतरले. काहीच झालं नाही.

"मग पहिल्यांदा का थांबवलंत? दिसल्या का त्या?"

त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला. "सिम्युलेटरमधून त्यांना काढून टाक."

"सर... काढायला तिथे काही नाहीच आहे."

ते उठून गेले. त्या बेटाचं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

आता त्याच सिम्युलेटरवर नेहमी ट्रेनिंग होतं. कुणाचीही तक्रार नाही. फक्त एक गोष्ट वेई लिंगच्या लक्षात आली — हवा कितीही चांगली ठेवली तरी बहुतेक वैमानिक पहिल्या खेपेला उतरतच नाहीत, विमान वर घेतात. का, असं विचारलं तर म्हणतात, बरोबर वाटलं नाही. सॉफ्टवेअर उलटंपालटं करून पाहिलं, काहीही सापडलं नाही.

ते कॉकपिटमधून बाहेर येतात तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघते. कुणाकुणाचा रंग उडालेला असतो. काय दिसलं, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.