तरे सरांची खडूची रेघ

तरे सर गेल्याचं मला गोदामात, ड्युटीवर असताना कळलं. फोन इम्रानचा. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, आता त्याचे स्वतःचे लूम, कापडाचे यंत्रमाग, आहेत. "सर गेले रे," एवढंच म्हणाला. महिना होत आला. राहनाळ गावातल्या माझ्या घरात शिरताना माझी नजर अजून आधी भिंतीकडे जाते.

सर भूगोल शिकवायचे. नव्या मुलाला ते गाव विचारत नसत; विचारायचे, "तुझं पाणी कुठं जातं?" दूर उत्तरेतल्या मऊ गावचा इम्रान, तिकडच्याच दरभंग्याचा दिनेश, सगळे गोंधळायचे. मग सर फळ्यावर हिमालयापासून समुद्रापर्यंत अख्खा दक्षिण आशिया काढायचे आणि ज्याची नदी त्याच्याच हातून रेखून घ्यायचे. पुरानं शेत गिळलं म्हणून दिनेशचा बाप इथं लूमवर आला, हे आम्हाला त्या फळ्यापाशी कळलं. सर म्हणायचे, नदीनं गाळ आणला म्हणून एवढी माणसं तिथं दाटली, पण ती जागा तिचीच आहे. माझं पाणी कुठं, विचारलं तर हसले. म्हणाले, घरामागच्या ओहोळातून खाडीत, सुखी आहेस.

तो ओहोळ मीच बुजवला. आमची भाताची खाचरं गोदामाला गेली, भरावाच्या कागदावर सही माझी. गेल्या पावसानंतर शेजारीच घर बांधलं. वास्तुशांतीला सर आले, घरामागे एक फेरी मारून आले आणि पानावर बसलेच नाहीत. निवृत्त झाले तरी खिशात खडू असायचाच. तो काढून नव्या कोऱ्या भिंतीवर, माझ्या छातीइतक्या उंचीवर त्यांनी आडवी रेघ मारली. मी तापलो. शुभकार्यात हे काय सर, असं चारचौघांत बोललो.

"उधाण आणि पाऊस एका दिवशी आले, की पाणी इथवर," ते म्हणाले. "वाट तू बुजवलीस. पाणी ती विसरलेलं न्हाय."

न जेवता गेले. तीच शेवटची भेट. माफी मागायची राहिली, याची लाज वाटते. तेव्हा मात्र मी रेघ पुसायला ओलं फडकं घेतलं होतं. आईनं हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मास्तरांचा हात हाय."

पाऊस अजून लागलेला नाही. तरी दर उधाणाला फरशीच्या सांध्यांतून ओल येते, भिंतीवर वीतभर चढते. आईची खाट विटांवर घेतली. दुसरीतली माझी लेक रोज त्या रेघेखाली उभी राहून उंची मोजते. काल म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी रेघेच्या वर जाईन ना?"

मी हो म्हटलं. पण मधे पावसाळा आहे.