सोड म्हणणारे मामा

आमच्या इतवारा मोहल्ल्यात पत्र्याच्या पेट्या करणारे एक मामा होते, माझी मैत्रीण सुमन हिचे वडील. राम राम म्हणण्याआधी त्यांच्या तोंडून "सोड!" निघायचं. कारखान्यात कुणाच्या हातून पत्रा निसटला की गल्लीच्या टोकापर्यंत आरोळी यायची, "पडतोय तर पडू दे ना रे! पत्रा फिर मिलेगा, बोट नाही मिळणार!"

नवरीच्या पेटीचा पत्रा भुईला लागला तर तिचा संसार मोडतो, असं आमच्याकडच्या बायका म्हणत. मामा खो खो हसायचे. "मग माझ्या पेट्या नेलेल्या अर्ध्या पोरी माहेरी बसल्या असत्या की!"

त्यांचा तळहात बघवत नसे, जुन्या कापांनी नुसता चिरलेला. पेटी झाली की तोच उघडा हात कडेवरून फिरवायचे. मामी चिंधी गुंडाळा म्हणायच्या. "चिंधीला काय कळतंय? पोरीला लागायच्या आधी मला लागू दे."

नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा मराठी शाळेचं काय होणार म्हणून सगळे भांडत होते. मामा म्हणाले, "राज्य कोणतंही येवो, पत्रा तसाच कापतो." त्याच वर्षी सुमनचं लग्न खकनारला ठरलं.

तिची पेटी चालू होती. आम्ही दोघी चहा घेऊन गेलो. मामांनी झाकणासाठी थप्पीतून पत्रा ओढला, तो तिरपा झाला आणि निसटला. "सोडा, बाबा!" सुमनच ओरडली. आणि अहो, सोड सोड म्हणत जन्म काढलेल्या त्या माणसानं तो दोन्ही हातांनी झेलला!

मला अजून खरं वाटत नाही. डावा तळवा फाटला, उजव्याची बोटं गेली. मामा पांढरेफटक. सुमनकडे बघत पुटपुटले, "भुईला नाही ना लागला गं?"

असा संताप आला मला! त्या बायकांचा, त्यांच्या शकुन-अपशकुनाचा, मामांचासुद्धा. आजही येतो.

पेटी कारागिरांनी पुरी केली. पाठवणीला पेटी गाडीत चढली, सगळ्या बायका रडत होत्या. मामा दोन्ही बांधलेले हात छातीशी धरून उभे होते. सुमन पाया पडली तेव्हा एवढंच म्हणाले, "झाकण जपून उघड, पोरी. या वेळी कडेवरून माझा हात फिरला नाही."