एका वाक्याच्या अध्यक्षबाई

कुठल्याही कार्यक्रमात अध्यक्ष शेवटी बोलायला उठतात, ‘वेळेअभावी दोनच शब्द बोलतो’ असं जाहीर करतात आणि पाऊण तास माईक सोडत नाहीत. बावीस वर्षं डोंबिवलीत निवेदन करतोय, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. खरोखर दोनच शब्द बोलणारा अध्यक्ष मला आयुष्यात एकदाच भेटला, आणि ती होती वीस वर्षांची एक मुलगी. इतरांची चर्चा संपेपर्यंत ती टेबलाची कड नखाने खरवडत बसायची. सगळे दमले की एक वाक्य बोलायची. त्यानंतर कोणाला काही बोलायचं उरायचंच नाही. मी तिचं नाव ठेवलं अध्यक्षबाई.

निवेदन ही माझी हौस. पोट भरतं ते मानपाडा रोडवरच्या झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानावर. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मुलांना प्रोजेक्टचा अहवाल काळ्या कव्हरात, सोनेरी अक्षरांत बांधून द्यावा लागतो. त्याला सगळे ब्लॅक बुक म्हणतात. अध्यक्षबाई कल्याणला राहायच्या, इथल्या कॉलेजात शिकायच्या कॉम्प्युटर सायन्स, आणि पहिल्यांदा दुकानात आल्या त्या कसल्याशा नोट्स घेऊन.

“किती कॉपी?” मी विचारलं. तिने तीन बोटं दाखवली. “दोन्ही बाजूंनी?” तिने कागद उलटा करून दाखवला. मला वाटलं, पोरीला बोलता-ऐकता येत नाही. माझ्यातला नट जागा झाला. स्टेपल करू का, हे मी दोन्ही हातांनी चावून दाखवलं. थोडा वेळ लागेल, हे सांगायला डोळे मिटून घोरलो. काउंटरवरची चार गिऱ्हाइकं थक्क होऊन बघत राहिली. माझा प्रयोग पूर्ण झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, “काका, मला ऐकू येतं.”

पुढे तिच्या वर्गातले रेश्मा आणि ओंकार तिच्यासोबत यायला लागले. दुकानामागे एक खोली आहे. तिथे कागद कापायचं मशीन, एक लांब टेबल आणि बरं चालणारं वायफाय. आधी ‘दहा मिनिटं बसू का’ असं विचारून बसले, नंतर विचारायचं बंद केलं. तिघं तीन लॅपटॉप उघडून बसायचे आणि तासभर एक शब्द नाही. माझी खात्री झाली की यांचं भांडण झालंय. मी तीन कटिंग चहा घेऊन आत गेलो आणि मैत्री या विषयावर छोटंसं भाषण केलं. तिघांनी अत्यंत आदराने ऐकून घेतलं.

“काका, आम्ही मजा करतोय,” ओंकार म्हणाला.

“ही मजा?”

“हो ना. एकदम भारी चाललंय.”

तेवढ्यात रेश्माच्या स्क्रीनवर काहीतरी आलं आणि तिघांना एकदम हसू फुटलं. अध्यक्षबाई तर टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. ओंकारने एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याला काहीही विचारा, तो उत्तर द्यायचा, ‘साहेब जेवायला गेलेत.’ मीही हसलो. ‘मग परत कधी येणार?’ असं टाइप केलं. ‘साहेब जेवायला गेलेत.’

त्याच आठवड्यात एक गृहस्थ काउंटरशी येऊन उभे राहिले. रेल्वेतली नोकरी, ड्यूटी संपवून थेट आलेले. मुलगी रोज संध्याकाळी जाते कुठे, हे बघायला आलो, म्हणाले. अध्यक्षबाईंचे वडील. मी काही बोलायच्या आत आतून हसण्याचा गडगडाट झाला. त्यांनी मान वाकडी करून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

“घरी पाहुणे आले की ही स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते,” ते म्हणाले. “आम्हाला वाटायचं, हिला माणसंच आवडत नाहीत.” मग निघता निघता म्हणाले, “मी आलेलो हे सांगू नका तिला. उगाच हसायची बंद होईल.”

अध्यक्षबाईंची एक सवय मात्र मला फार जड गेली. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं आणि स्वतःचा प्रोग्रॅम ओळीओळीने समजावायला सुरुवात केली. मला ओ की ठो कळेना. मी शंका विचारायला तोंड उघडलं की त्यांचा हात वर. दहाव्या मिनिटाला त्या मध्येच थांबल्या, “अच्छा, हे चुकलंय होय,” असं पुटपुटल्या आणि मला विसरूनच गेल्या. ओंकारने खुलासा केला. परदेशात म्हणे प्रोग्रॅम लिहिणारे टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि आपलं काम त्याला समजावून सांगतात. सांगता सांगता चूक आपोआप दिसते.

“म्हणजे मी बदक?” मी कडाडलो.

अध्यक्षबाईंनी मान वर केली. “नाही काका. बदक मध्ये बोलत नाही.”

शेवटच्या परीक्षेत या न बोलण्यानेच घात केला. तिचा प्रोजेक्ट सुरेख होता. परीक्षेत कोणता विद्यार्थी कुठल्या बाकावर बसेल हे तिचा प्रोग्रॅम ठरवायचा, शेजारी एकाच वर्गाचे दोघे येणार नाहीत अशा बेताने. पण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रश्न विचारले आणि ही गप्प. एकदा ‘हं’, एकदा तेही नाही. परीक्षक म्हणाले, “हे तुझं काम वाटत नाही. हल्ली एआय सगळं लिहून देतं. आठ दिवसांनी परत ये आणि समजावून सांग. नाही सांगता आलं तर नापास.” म्हणजे एक वर्ष गेलं. आणि वर ‘हिने चोरलं’ हा शिक्का. तोच तिला जास्त लागला होता.

मी बाह्या सरसावल्या. सभाधीटपणा हा तर माझा प्रांत! तिला कागदाच्या गठ्ठ्यावर उभं केलं. “श्वास पोटातून घे. नजर शेवटच्या रांगेवर. म्हण, आदरणीय परीक्षक महोदय!” ती म्हणाली. म्हणजे ओठ हलले. चार दिवस मी हातवारे शिकवले, आवाजातले चढउतार शिकवले, आणि चौथ्या दिवशी ती आदल्या दिवसापेक्षा वाईट बोलली. रेश्मा तोंडावर वही धरून बसली होती.

“काका,” अध्यक्षबाई गठ्ठ्यावरून उतरत म्हणाल्या, “तुम्ही बोलताना लोकांकडे बघता. मी प्रोग्रॅमकडे बघते.”

“मग बघ की!” रेश्मा ओरडली. “त्या सरांकडे बघायचंच नाही. काकांना सांगतेस ना, तसं सांग. समज, सर म्हणजे काकाच आहेत.”

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं कॉलेजच्या व्हरांड्यात उभे होतो. उकाड्यामुळे परीक्षकांनी दार उघडंच ठेवलं होतं. आतून तिचा आवाज आला, बारीक पण सलग. तिने लॅपटॉप सरांकडे वळवला नाही, स्वतःकडेच ठेवला. पहिल्याच मिनिटाला सरांनी काहीतरी विचारायला सुरुवात केली, आणि माझ्या डोळ्यांदेखत अध्यक्षबाईंचा हात वर गेला. ओंकारने माझं मनगट धरलं. सर गप्प बसले! ती पुढे सांगत राहिली. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, बाकांची मोजणी. आणि मग अचानक थांबली.

मी मनात म्हटलं, गेलं वर्ष.

“सर, इथे चूक आहे,” ती म्हणाली.

“कुठे? मला तर सगळं बरोबर वाटतंय.”

“खोलीत जितकी बाकं तितकीच मुलं असली की शेवटच्या विद्यार्थ्याला बाकच मिळत नाही. मी एक कमी मोजलंय. तो उभाच राहतो.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर उठून तिच्या बाजूला येऊन उभे राहिले, चष्मा वर करून. “अहवालात हे नाही.”

“नाही. आत्ता दिसलं. दहा मिनिटं द्याल का? त्याला बसवते.”

सात मिनिटांत बसवलं. सर म्हणाले, “चोरून आणलं असतंस तर ही चूक लपवली असतीस. मुळात तुला दिसलीच नसती.” आणि सही केली. व्हरांड्यात मी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते रेश्माने वेळीच धरले.

ब्लॅक बुकं तर आधीच बांधून झाली होती. कॉलेजच्या प्रतींत दुरुस्तीचं पान मी स्वतः चिकटवलं. पुण्याला नोकरीसाठी जाताना अध्यक्षबाई आपली प्रत मला देऊन गेल्या. मी एवढं मोठं निरोपाचं भाषण तयार केलं होतं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, “काका, तुमच्यामुळे बोलता आलं, तुम्ही गप्प बसलात म्हणून.”

त्या प्रतीत मी दुरुस्तीचं पान लावलेलं नाही, मुद्दाम. दरवर्षी मुलं येतात, डोळा मारून विचारतात, “काका, एखादा तयार प्रोजेक्ट आहे का?” मी तीच प्रत काढून देतो. घेऊन जातात, चुकीसकट उतरवतात, आणि मग त्यांच्या परीक्षकांचं आणि त्यांचं काय होतं हे मी विचारत नाही. यंदा मात्र एक मुलगी दुसऱ्याच दिवशी परत आली. काउंटरवर प्रत ठेवली आणि अगदी हळू म्हणाली, “काका, यात एक जण उभाच राहतोय.”

तोंडाशी आलेली दहा वाक्यं मी गिळली आणि आतलं स्टूल पुढे सरकवलं.

“बस,” मी म्हटलं. “सांग.”